एरंड अध्यक्ष, आघाडा सचिव

कप्पेकाकांनी आयुष्यात फक्त एकदाच सरकारदरबारी खोटं लिहिलं, आणि तेही त्यांच्या मते खोटं नव्हतं. ते काय होतं ते पुढे येईलच. आधी त्यांच्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर त्यांनी एरंडाला अध्यक्ष का केलं, हे कोणाला पटणार नाही.

कप्पेकाका हे त्यांचं नाव नव्हे. टपालखात्याच्या छाननी विभागात त्यांनी चौतीस वर्षं काढली. समोर भिंतभर लाकडी कप्पे आणि हातात पत्रांचा गठ्ठा. मनगटाला एक झटका दिला की पत्र आपल्या कप्प्यात. असं सांगतात की एकदा खिडकीतून एक चिमणी आत आली, तर त्यांनी न बघता तिलाही 'परगावी'च्या कप्प्यात टाकलं. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. घरातले चमचे लांबीप्रमाणे लागले, औषधं रंगाप्रमाणे लागली, आणि काकूंच्या साड्या ज्या दिवशी वजनाप्रमाणे लागल्या, त्या दिवशी काकूंनी त्यांना हातात पिशवी देऊन दोन तास बाहेर पाठवलं.

काकू म्हणजे त्यांची बायको. सव्वा वर्षापूर्वी त्या स्टुलावरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता चाला, जिने चढा-उतरा. काकू घरात चालायला लागल्या, पण उंबऱ्याशी आल्या की थांबायच्या. "माझे जिने उतरून झालेत," म्हणायच्या आणि मागच्या खोलीतल्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायच्या. तिसरा मजला, चोपन्न पायऱ्या. त्या चोपन्न पायऱ्यांविषयी नवरा-बायको कधी बोलले नाहीत. काही विषयांवर चाळीस वर्षांच्या संसारात माणसं भांडतात, काहींवर भांडायलाही घाबरतात.

त्या खिडकीखाली इमारतीची मागची मोकळी जागा होती. इमारत बांधताना उरलेला राडारोडा तिथेच पडला होता, आणि गेल्या कित्येक वर्षांत त्यावर जे उगवायचं ते उगवलं होतं. कोणी लावलं नाही, कोणी पाणी घातलं नाही. काकूंचा दिवस त्या हिरव्या पसाऱ्याकडे बघण्यात जायचा.

आणि वार्षिक सभेत ठराव आला, की मागच्या जागेवर सिमेंट टाकून गाड्या उभ्या कराव्यात.

ठराव सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता. माणूस वाईट नव्हता. त्यांनी नवी लांबलचक गाडी घेतली होती आणि तिला उभं राहायला जागा नव्हती. रोज सकाळी ती कोणाच्या ना कोणाच्या दारात आडवी असायची आणि सेक्रेटरी जिन्यातून माफी मागत खाली धावायचे. सगळ्यांनी हात वर केले. मग त्यांनी नगर कार्यालयाचा अर्ज काढला. त्यात एक रकाना होता: 'जागेवरील नैसर्गिक वनस्पती समाजाचा प्रकार.' त्याखाली पर्याय होते. वन, झुडुपी, गवताळ, पाणथळ, आणि शेवटी 'काही नाही'.

सेक्रेटरींनी 'काही नाही'वर खूण करायला पेन टेकवलं.

"थांबा," कप्पेकाका म्हणाले. "काही नाही असा कप्पा नसतो."

सभेतल्या लोकांनी घड्याळं बघितली.

"काका, रान आहे हो नुसतं."

"रान असेल तर 'काही नाही' कसं? चौतीस वर्षांत माझ्याकडे एकही पत्र आलं नाही ज्यावर काहीच नव्हतं. कोऱ्या पाकिटालासुद्धा वास असायचा."

आता अर्जाच्या पाठीमागे बारीक अक्षरात एक नियम छापलेला होता, आणि तो वाचणारा पृथ्वीवरचा एकमेव माणूस त्या सभेत बसलेला होता. पहिल्या चारांपैकी काहीही निघालं तर वनस्पती अधिकाऱ्याने पाहणी केल्याशिवाय तिथे सिमेंटचं घमेलंही नेता येत नव्हतं. कप्पेकाकांनी तो नियम खड्या आवाजात वाचून दाखवला. सेक्रेटरी हताशपणे म्हणाले, "बरं. पंधरा दिवस घ्या. तुम्हीच करा काय ते वर्गीकरण."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "काय ठरलं सभेत?"

"विशेष काही नाही," कप्पेकाका म्हणाले. "मला जरा गवत मोजायला सांगितलंय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावून ताप बघितला आणि पुन्हा खिडकीकडे वळल्या.

नगर कार्यालयाने अर्जासोबत सूचनापत्रक दिलं होतं. 'एक मीटर लांबी-रुंदीची चौकट जागेवर यादृच्छिकपणे टाकावी. चौकटीच्या आत जे जे सजीव असेल त्याची नोंद करावी. प्रत्येकाने किती टक्के जागा व्यापली तेही लिहावे.' एवढं सोपं. चौकटीसाठी कप्पेकाकांनी पडद्यांच्या चार दांड्या काढून सुतळीने बांधल्या.

"लोक निवृत्त झाल्यावर प्रवासाला जातात," काकू म्हणाल्या. "तुम्ही पडदे उतरवलेत. समोरच्या इमारतीला आता आपला सगळा संसार दिसतोय."

"दिसू दे. व्यवस्थित लावलेला आहे."

'यादृच्छिकपणे' या शब्दाने मात्र त्यांना अडवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "काका, ते उपटण्याशी संबंधित असावं." दंतवैद्यांना सगळं जग उपटण्याशी संबंधित वाटायचं. पहिल्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाई राहायच्या. त्यांनी शब्दाचा विग्रह केला, संधी सोडवली, वहीत दोनदा लिहून दाखवला आणि अर्थ उद्या सांगते म्हणाल्या. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, म्हणजे मनाला येईल तिथे. निवड करायची नाही. डोळे मिटा आणि पाठीमागे फेका."

ही सूचना शास्त्राला धरूनच होती. पण शास्त्राने कप्पेकाकांचं मनगट पाहिलं नव्हतं. चौतीस वर्षांचा झटका होता तो. त्यांनी जागेच्या मध्यभागी उभं राहून डोळे मिटले, चौकट डोक्यावरून मागे भिरकावली, आणि मागून "अहो काका" असा दबलेला आवाज आला. सेक्रेटरी आपली गाडी कुठे मावेल ते पावलांनी मोजत होते. चौकट त्यांच्या डोक्यातून उतरून बरोबर पायाशी बसली होती.

सेक्रेटरी बाहेर पडायला लागले.

"हलू नका," कप्पेकाका वही उघडत म्हणाले. "नियम आहे. जे आत असेल त्याची नोंद."

"माझी?"

"सूचनापत्रकात 'सजीव' लिहिलंय. तुम्ही नाही म्हणत असाल तर तसं लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं: 'हरळी, वीस टक्के. सराटा, दहा टक्के. सेक्रेटरी, एक नग, साठ टक्के.' उरलेले दहा टक्के माती. वरच्या खिडकीतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. सव्वा वर्षात तसा आवाज आला नव्हता. कप्पेकाकांनी वर बघितलं नाही. बघितलं तर तो थांबेल असं त्यांना वाटलं. त्यांनी चौकट उचलून पुन्हा एकदा, जरा जास्तच जोरात फेकली, आणि ती पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांत जाऊन अडकली. त्या दिवशीच्या नोंदी पुढे सांगण्यासारख्या नाहीत.

दहा दिवसांत एक्केचाळीस प्रकारची रोपं सापडली. शिकवणीवाल्या बाईंकडच्या एका जाड पुस्तकातली चित्रं बघून त्यांनी एकेकाचं नाव लावलं. चिकटणारा आघाडा त्यांच्या लेंग्यावर तीन मजले चढून घरी यायचा आणि काकू तो वेचून काढता काढता बोलायच्या.

शेवटच्या दिवशी अर्ज पुरा करताना एक रकाना उरला: 'अर्जदाराचा हितसंबंध.' म्हणजे तुमचा काय संबंध, तुम्ही का मध्ये पडताय. कप्पेकाकांनी पेन्सिलीने 'पर्यावरण' लिहिलं आणि खोडलं. 'सार्वजनिक हित' लिहिलं आणि खोडलं. आतल्या खोलीत काकू खिडकीशी बसल्या होत्या, पाठमोऱ्या. शेवटी त्यांनी शाईने एकच शब्द लिहिला, कागद चारदा दुमडला आणि काकूंना न दाखवता टपालपेटीत टाकून आले.

खरा घोळ यानंतर सुरू झाला, आणि तो एका शब्दाचा होता. पाकिटावर कप्पेकाकांनी आपल्या सुरेख अक्षरात विषय लिहिला होता: 'वनस्पती समाज, मागची जागा, यांचे वर्गीकरणाबाबत.' नगर कार्यालयाच्या आवक खिडकीवरच्या कारकुनाने 'समाज' वाचलं आणि पुढे काही वाचलं नाही. त्याच्याकडे भजनी मंडळं, व्यायामशाळा, ज्येष्ठांचे कट्टे, असले समाज रोज यायचे. त्याने पाकीट संस्था-नोंदणी शाखेत टाकलं. अपुरा पत्ता असलेलं पत्र चुकीच्या कप्प्यात पडणं कप्पेकाकांनी आयुष्यभर थांबवलं. पूर्ण पत्ता असलेलं त्यांचं स्वतःचं पत्र मात्र सरळ चुकीच्या कप्प्यात गेलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. 'आपल्या समाजाचे पदाधिकारी, सभासदसंख्या आणि गेल्या सभेचे इतिवृत्त कळवावे. तसेच सभासदांच्या यादीतील "सेक्रेटरी" हे देशी आहेत की बाहेरून आलेले, याचा खुलासा व्हावा.'

दुसरा कोणी असता तर कार्यालयात जाऊन चूक दाखवून आला असता. दंतवैद्य म्हणाले तसंच. शिकवणीवाल्या बाईही म्हणाल्या. पण कप्पेकाका खात्याचे माणूस होते. "कागदाला कागदाने उत्तर द्यायचं," ते म्हणाले. "तोंडी उत्तराला जावक क्रमांक नसतो."

त्यांनी उत्तर लिहिलं. अध्यक्ष: एरंड, सर्वांत उंच असल्यामुळे. सचिव: आघाडा, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला धरून ठेवत असल्यामुळे. सदस्य: एकूण एक्केचाळीस, यादी सोबत. सभेचे इतिवृत्त: 'सभा रोज सूर्योदयापासून भरते. सर्व सभासद उभे असतात. कोणीही मध्येच उठून जात नाही. लाजाळू यांनी चर्चेत भाग घेतला नाही. वारा आल्यावर सर्वांनी एकमताने माना हलवल्या.' सेक्रेटरींच्या बाबतीत त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं की ते बाहेरून आलेले असून वेगाने पसरू पाहतात.

यात खोटं काय होतं, तुम्हीच सांगा.

संस्था-नोंदणी शाखेतल्या मुख्य लिपिकाने म्हणे हे उत्तर दोनदा वाचलं आणि 'सभासदांची शिस्त वाखाणण्याजोगी' असा शेरा मारला. पाठोपाठ नोंदणी क्रमांक आला. आता मागच्या जागेवर एका नोंदणीकृत समाजाचं कार्यालय होतं, आणि सिमेंट टाकायचं तर त्या समाजाची लेखी ना-हरकत लागणार होती.

सेक्रेटरी कागद घेऊन वर आले. खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"काका, मी एरंडाची सही कुठून आणू?"

"अध्यक्षांना भेटून बघा."

"चेष्टा करू नका. माझी गाडी काल कचऱ्याच्या गाडीने ढकलली."

"लागली का हो?" काकूंनी आतून विचारलं.

"मागचा दिवा गेला, काकू."

काकूंनी त्यांच्यासाठी चहा टाकला. विरोधी पक्षाला चहा दिल्याबद्दल कप्पेकाकांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण काकूंना सिमेंटचं काही सांगितलेलंच नव्हतं, त्यांना काय बोलणार?

सेक्रेटरींनी मग रीतसर तक्रार केली, आणि एका सकाळी वनस्पती अधिकारी आल्या. तिशीच्या आसपासची मुलगी, खांद्याला झोळी, पायात गुडघ्यापर्यंत बूट. जागेच्या कडेला उभी राहून तिने संस्था-नोंदणीचं पत्र वाचलं आणि इतकी हसली की तिला राडारोड्यावर बसावं लागलं. मग डोळे पुसून तिने ते पत्र फाईलला लावलं आणि त्यावर 'रद्द' लिहिलं.

"माफ करा काका. हे टिकणार नाही. वनस्पती समाज म्हणजे तसला समाज नाही."

"मला माहीत आहे," कप्पेकाका म्हणाले. "चूक त्यांची होती. मी फक्त तिला शिस्तीत पुढे नेलं."

"तुमचा तक्ता बघू या. तो चांगला असला तर तेवढ्यावर काम होईल."

त्यांनी मोठ्या अभिमानाने तक्ता उघडला. एक्केचाळीस चौकोन, प्रत्येकात नाव, उंची, टक्के. लाल रेघा, निळ्या रेघा. मुलगी बघत राहिली. बघता बघता तिचा चेहरा पडला.

"काका, इथे एरंड आणि एकदांडी शेजारी शेजारी का आहेत?"

"दोघंही 'ए'."

"आणि लव्हाळ्याशेजारी लाजाळू?"

"'ल'."

तिने तक्ता हळूच मिटला. कोणाच्या हातून पडलेली वस्तू उचलून द्यावी तसा परत दिला. "हे अकारविल्हे आहे, काका. मला नावं नकोत. कोण कोणाबरोबर राहतं ते हवंय. कुठली रोपं नेहमी एकत्र येतात, कोण आधी आलं, कोण मागून. त्याला समाज म्हणतात. ते एका दिवसात मला कळणार नाही, आणि कळलं नाही तर मला 'काही नाही'वर खूण करावी लागेल. नियमच तसा आहे."

चौतीस वर्षांत कप्पेकाकांना असं कोणी म्हटलं नव्हतं. आपण प्रत्येक पत्र बरोबर कप्प्यात टाकलं, पण कोणी कोणाला काय लिहिलं हे कधी पाहिलं नाही, असं काहीसं त्यांच्या मनात आलं. पण ते नियमाला धरून नव्हतं, म्हणून त्यांनी ते मनातच ठेवलं. सेक्रेटरी बाजूला उभे होते. जिंकत होते, तरी त्यांना बरं वाटत नव्हतं. ते आपल्याच बुटांकडे बघत उभे होते.

मुलगी अर्ज चाळत होती. शेवटच्या पानावर थांबली. "हितसंबंध: खिडकी." तिने मोठ्याने वाचलं. "हे काय? सात वर्षांत मी असा हितसंबंध वाचला नाही. कुठली खिडकी?"

कप्पेकाकांनी तक्ता बगलेत मारला. सेक्रेटरींनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर, पडदे नसलेल्या खिडकीत, काकू बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. खालचं सगळं त्यांना ऐकू यायचंच.

"अच्छा," सेक्रेटरी अगदी हळू म्हणाले. "काका, सभेत सांगायचं ना हो."

"सभेच्या विषयपत्रिकेत नव्हतं ते."

मुलगी वर आली. काकूंनी तिला खिडकीशी बसवलं आणि नवऱ्याकडे बघितलं. रागवायचं की काय करायचं ते ठरलेलं नसलेली नजर होती ती. मग म्हणाल्या, "तुम्ही जरा चहा टाका. साखर तिसऱ्या डब्यात असते. तुम्हीच लावलीय, वजनाप्रमाणे."

कप्पेकाका स्वयंपाकघरात गेले आणि आधण ठेवून दाराशी उभे राहिले. आतून बोलणं ऐकू येत होतं.

"मला नावं येत नाहीत हं," काकू म्हणत होत्या. "मी आपली माझी ठेवलीत. ती गळकी नळी दिसतेय ना? तिथल्या त्या सगळ्या नळावरच्या बायका. दोन-चार जणी आहेत, पाणी असेल तिथे जमतात, आणि एक आली की दुसरी आलीच. मध्ये नळी दुरुस्त केली होती, तर तीन आठवड्यांत सगळ्या नाहीशा. पुन्हा गळायला लागली, पुन्हा हजर."

"माका आणि लव्हाळा," मुलगी लिहीत म्हणाली. "मग?"

"राडारोड्यावर ते पुढारी. तो उंच, तो काटेरी फळांचा, आणि ते पांढऱ्या फुलांचं गवत. कुठे काही मोडलं की सगळ्यांच्या आधी येऊन उभे राहतात. पण माती जरा सुपीक झाली की त्यांचं कोणी ऐकत नाही."

मुलीचं पेन जोरात चालायला लागलं.

"मधल्या वाटेवरचे सोशीक. रोज तुडवतात त्यांना, पण वाट सोडून दोन हात बाजूला लावा, टिकणार नाहीत. भिंतीच्या सावलीतले पेन्शनर, ऊन नको, गडबड नको. आणि ती घाणेरीची जाळी आहे ना, तिला मी माहेर म्हणते."

"माहेर का?"

"पाखरं तिच्यावर येऊन बसतात, बिया टाकतात. उघड्यावर पडलेलं रोप दोन दिवसांत करपतं. पण जाळीत पडलेलं जगतं. काट्यांमुळे कोणी हात घालत नाही. आता आत एक कडुनिंब आहे, आठ पानांचा. मोठा झाला की याच जाळीवर सावली धरून तिला मारेल. पण ते त्याला अजून माहीत नाही. आणि तिला माहीत असलं तरी ती काही बोलायची नाही."

स्वयंपाकघरात चहा उतू गेला.

मुलगी म्हणाली, "काकू, हे पुस्तकात आहे. असंच. फक्त भाषा एवढी चांगली नाही."

तिने तिथेच अहवाल लिहिला. जागेवर पाच वेगवेगळे समाज आहेत. एकही धड वन नाही, झुडुपी नाही, गवताळ नाही, पाणथळ नाही. सगळे एकातून दुसऱ्यात जाण्याच्या वाटेवर आहेत. सबब दोन वर्षं निरीक्षण. तोवर सिमेंट नाही. सेक्रेटरींच्या गाडीसाठी तिने पुढच्या फरशीवर, जिथे मुळातच काही उगवत नव्हतं, तिथे जागा आखून दिली. तिथे आजवर दंतवैद्यांच्या फुटक्या कुंड्यांचा ढीग होता आणि त्याला हात लावायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"फक्त एक आहे," ती म्हणाली. "निरीक्षक लागतो. दर महिन्याच्या दहा तारखेला प्रत्येक समाजात चौकट ठेवून नोंद करायची. स्वतः, जागेवर जाऊन."

"मी आहे," कप्पेकाका म्हणाले.

"तुम्ही नको, काका. तुम्ही अकारविल्हे कराल." आणि तिने निरीक्षकाच्या रकान्यात काकूंना सही करायला पेन दिलं.

काकूंनी हात मागे घेतला. "मी इथून सांगेन की."

"इथून चालणार नाही. दहा तारखेला नोंद झाली नाही तर रकाना रिकामा राहतो. रिकाम्या रकान्याचा अर्थ कार्यालय एकच लावतं."

काकूंनी सही केली नाही. मुलगी म्हणाली कागद राहू दे, दहाला बघू, आणि गेली.

त्यानंतरचे बारा दिवस घरात कागद टेबलावर पडून होता. कप्पेकाकांनी तो एकदाही कप्प्यात टाकला नाही, हे त्यांच्याबाबतीत फार मोठं होतं. "तू जा" असं ते म्हणाले नाहीत. "जाऊ नकोस" असंही म्हणाले नाहीत. एका संध्याकाळी काकू एकदम म्हणाल्या, "पडले तेव्हा तुम्ही घरी नव्हता. दोन तास फरशीवर होते मी. छताकडे बघत."

"माहीत आहे."

"म्हणून भीती वाटते. हाडाचं काही नाही."

"तेही माहीत आहे," कप्पेकाका म्हणाले. मग टेबलावरचा कागद सरळ करत, "मला ती भीती कुठल्या कप्प्यात टाकायची ते कळेना, म्हणून विचारलं नाही."

दहा तारखेला सकाळी काकूंनी वहाणा घातल्या. कप्पेकाका हात धरायला पुढे झाले.

"तुम्ही वरच थांबा. खाली आलात की मला शिकवायला लागाल."

"पण एकटी..."

"एकटी कुठे? दार उघडा तरी."

त्यांनी दार उघडलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एक खुर्ची होती. दुसऱ्या मजल्यावर दंतवैद्यांनी आपली पेशंटची खुर्ची, मागे कलणारी, दाराबाहेर काढली होती आणि शेजारी उभे होते. पहिल्या मजल्यावर शिकवणीवाल्या बाईंचं बाक. तळाशी सेक्रेटरी, हातात पडद्याच्या दांड्यांची चौकट आणि बगलेत घडीची खुर्ची. कोणी कोणाला सांगितलं, हे आजतागायत उघड झालेलं नाही. प्रत्येक जण म्हणतो, मी आपली सहज ठेवली होती.

"सावकाश, काकू," सेक्रेटरी खालून म्हणाले. "आज माझी गाडी कुणाच्याही दारात नाही. घाई कसलीच नाही."

कप्पेकाका खिडकीशी काकूंच्या खुर्चीत जाऊन बसले आणि पायऱ्या मोजायला लागले. ऐकू येत नव्हत्या, तरी मोजल्या. चोपन्न झाल्या. कोणी दिसेना. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या. तीसला आले तेव्हा इमारतीच्या कोपऱ्यावरून आधी सेक्रेटरी दिसले, मग काकू. काठी नाही, कोणाचा हात नाही. उन्हात आल्यावर त्यांनी डोळ्यांवर हात धरला आणि तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

मग कामाला लागल्या. त्यांनी चौकट फेकली नाही, वाकून नीट खाली ठेवली. नळीपाशी, राडारोड्यावर, वाटेवर, भिंतीशी. सेक्रेटरी वही धरून मागे मागे. एका ठिकाणी त्यांनी सेक्रेटरींना पाऊल मागे घ्यायला लावलं, आणि सेक्रेटरींनी घेतलं. घाणेरीच्या जाळीपाशी त्या खाली बसल्या. कप्पेकाका अर्धे खिडकीबाहेर आले.

"अहो," काकूंनी हाक मारली.

"काय झालं? पाय दुखतोय?"

"कडुनिंबाला नववं पान आलंय. वरून कळलं नव्हतं मला."

"लिही मग."

"लिहिलं. तुम्ही खाली या. बघून जा."

कप्पेकाका निघाले. दाराला कडी लावायची राहिली, दोन्ही पायांत दोन वेगळ्या वहाणा आल्या. दुसऱ्या मजल्यावर मागे कलणाऱ्या खुर्चीपाशी आले तेव्हा त्यांना जरा टेकावंसं वाटलं. टेकले. दंतवैद्यांनी वाकून बघितलं.

"काय काका, गुडघा का?"

"हो, गुडघाच," कप्पेकाका म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.